फिर्यादीच्या सोबतीला कोण?

जातिद्वेषातून ज्याच्या अंगावर हात उचलला गेला, ज्याचे घर जाळले गेले किंवा ज्याची पाणवठ्याची वाट अडवली गेली, तो मनुष्य साहाय्य मागण्यासाठी ज्या पहिल्या सरकारी अधिकाऱ्यापुढे उभा राहतो तो बहुधा ठाणे अंमलदार असतो. आणि पुढचे सारे प्रकरण न्यायाच्या मार्गाला लागणार की मध्येच विरून जाणार, हे पुष्कळ अंशी त्याच भेटीत ठरते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याने व त्याखालील १९९५ च्या नियमांनी ही गोष्ट ओळखली आहे. फिर्यादीने तोंडी सांगितलेली हकिकत अंमलदाराने लिहून घ्यावी, त्यास वाचून दाखवावी, तिची नक्कल विनामूल्य द्यावी, आणि अंमलदाराने नकार दिल्यास फिर्यादीने तीच हकिकत टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडावी, इतकी बारीक तजवीज नियमांत आहे. जिल्हाधिकारी आणि अधीक्षक यांनी घटनास्थळी स्वतः जावयाचे आहे, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यावयाचा नाही, आणि अर्थसाहाय्याचा आरंभ सात दिवसांत व्हावयाचा आहे. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ही रक्कम ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १४५६६ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदविता येते.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, हे हक्क ज्यांचे आहेत त्यांपैकी फार थोड्यांच्या कानी ते कधी कोणी घातलेले असतात. कचेरीत गेलेल्या माणसाशी या मदतीविषयी बोलताना जणू मेहेरबानी केल्याचा सूर लावला जातो, तो मला अत्यंत क्लेशदायक वाटतो. जो आधीच अपमानित होऊन आलेला आहे त्याला हक्काच्या रकमेसाठी समाजकल्याणच्या दारात पुनःपुन्हा उभे करणे, हा त्याच अपमानाचा पुढचा भाग होय.

परंतु रकमेहूनही मोठी उणीव सोबतीची आहे. फिर्याद नोंदली गेली की गाव बदलते: शेतावरची मजुरी बंद होते, दुकानदार उधार देईनासा होतो, पिठाच्या गिरणीत दळण घेतले जात नाही, आणि पुष्कळदा फिर्यादीवरच चोरीची वा मारहाणीची उलट फिर्याद दाखल होते. असा बहिष्कार हाही त्याच कायद्याखालील गुन्हा आहे. पण तो शाबीत करण्यासाठीही पुन्हा त्याच ठाण्यात, त्याच माणसांपुढे जावे लागते. अशा वेळी एकट्या माणसाचे धैर्य खचले तर त्याला दोष कोणी द्यावा? २०१४ साली नगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित मुलाची हत्या झाली. महाराष्ट्र हळहळला, पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या. आणि २०१७ मध्ये, अनेक साक्षीदार फितूर झाल्यावर, खटल्यातील सर्व आरोपी पुराव्याअभावी सुटले. भेटींचे दिवस सरल्यानंतर निकालापर्यंतची जी वर्षे गेली, त्या वर्षांत त्या साक्षीदारांच्या शेजारी कोण बसले होते, हा प्रश्न मला त्या निकालापेक्षाही अधिक अस्वस्थ करतो.

२०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात घातलेले १५-अ हे कलम याच प्रश्नाला उत्तर देण्यासाठी लिहिले गेले, असे मी मानतो. आरोपीच्या जामिनाची सुनावणी पीडिताला कळविल्यावाचून होऊ नये, तेथे त्याचे म्हणणे ऐकले जावे, त्याला व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाह व प्रसंगी अन्यत्र पुनर्वसन मिळावे, आणि सामाजिक संस्था, कार्यकर्ते अथवा वकील यांचे साहाय्य घेण्याचा त्याला अधिकार असावा, असे ते कलम सांगते. नियमांची दृष्टी तर याहूनही मायेची आहे: पीडित वा साक्षीदार स्त्री असेल, साठ वर्षांवरील असेल अथवा अपंग असेल, तर तिच्या पसंतीचा सोबती तिच्याबरोबर यावा आणि त्याचाही प्रवासखर्च सरकारने द्यावा. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाने, निवृत्त कारकुनाने, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने हे काम का पत्करू नये? ठाण्यात बाजूला बसणे, जबाबाची नक्कल मागून घेणे, तारखेच्या आदल्या दिवशी निरोप देणे, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर थांबणे, यांसाठी कायद्याची पदवी लागत नाही. आणि हा सोबती केवळ पीडिताच्याच जातीचा असावा, ही अपेक्षा तर मुळीच धरता कामा नये. गावातील अन्य जातींचा एक जरी माणूस फिर्यादीच्या बाजूला उघडपणे बसला, तर बहिष्काराचा अर्धा जोर तेथेच ओसरतो.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे आणि तिने दर तीन महिन्यांतून किमान एकदा बसावे असा नियम आहे. तिच्या पुढच्या बैठकीत गुन्ह्यांच्या आकड्यांआधी चालू खटल्यांतील साक्षीदारांची यादी मांडावी, आणि प्रत्येक नावापुढे त्याला भत्ता मिळाला काय, संरक्षण मिळाले काय, व गेल्या तीन महिन्यांत त्याच्या घरी कोण जाऊन आले, याची नोंद सदस्यांनी मागावी.