लांबड्याला आखूड घर

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "बोआ घेतोय, चार फुटी पेटी पुरेल ना?" त्यातला एक माझा सख्खा भाचा. म्हणून आता जाहीरच लिहून टाकतो, फोनवर रोज तेच दळण नको.

नाही पुरणार. आणि 'पुरते' असं जो सांगतो तो स्वतःच्या सोयीचं सांगतो, सापाच्या नव्हे.

नातेवाईकांसाठी आधी थोडं. (ताई, घाबरू नकोस, फोटो टाकलेले नाहीत.) बोआ म्हणजे आपला अजगर नव्हे. अजगर अंडी घालतो, बोआची मादी थेट पिल्लं देते. नात्याने तो आपल्या मांडुळाच्या जास्त जवळचा. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, बिनविषारी. इथे इंग्लंडात तो पाळायला परवाना लागत नाही. आमच्याकडे गेली अकरा वर्षं एक आहे, तेव्हा 'साप पाळूच नका' असं प्रवचन मी देणार नाही. पाळा की. पण राहायला काय देताय ते आधी सांगा.

पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम दीड फुटाचं असतं. दुकानात मनगटाला वेटोळं घालून बसलेलं बघितलं की कोणीही विरघळेल. त्याच्यासोबत काचेची छोटी पेटी, एक दिवा आणि पाण्याचं भांडं असं 'स्टार्टर किट' गळ्यात मारतात. तेच पिल्लू पुढे सहा ते आठ फुटांचं होतं, मादी नरापेक्षा मोठी. आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला पॉपाय नावाचा बोआ १९७७ साली गेला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. करा हिशेब : सात फुटांचं जनावर, चार फुटांची पेटी, पंचवीस वर्षं.

यावर ठरलेली तीन उत्तरं येतात.

पहिलं : "सापाला लहान जागेतच सुरक्षित वाटतं." यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते खपतं. मोठ्या, रिकाम्या, चारी बाजूंनी काचेच्या पेटीत पिल्लू बावरतं, खाणं सोडतं, हे खरं. पण ते बावरतं उघड्यावर पडल्यामुळे, जागा जास्त झाल्यामुळे नाही. तीन बाजू झाका, आत लपायला खोपे ठेवा, फांद्या लावा, पानं पसरा, बघा घाबरतंय का. साप बिळात बसतो तो स्वतःच्या मर्जीने, आणि रात्री बाहेर पडतो. बिळाला बाहेर असतं हो! ड्रॉवरला नसतं.

दुसरं : "तो तर दिवसभर वेटोळंच घालून असतो." अहो, सरळ व्हायला जागाच नसेल तर दुसरं काय करणार? २०१९ साली 'जर्नल ऑफ व्हेटर्नरी बिहेव्हियर'मध्ये याच विषयावर एक लेख आला. त्यात पासष्ट सापांचं तासभर निरीक्षण केलं, त्यातले चोवीस तेवढ्या वेळात सरळ किंवा जवळजवळ सरळ पसरलेले दिसले. म्हणजे अंग लांब करणं ही सापाची रोजची गरज आहे, चैन नव्हे.

तिसरं उत्तर पैदास करणाऱ्यांचं. ते एकावर एक प्लास्टिकचे ड्रॉवर रचतात, आत कागद आणि पाण्याची वाटी. म्हणतात, "खातोय, कात टाकतोय, पिल्लं देतोय, म्हणजे मजेत आहे." पिंजऱ्यातल्या कोंबड्याही अंडी देत होत्याच की. तरी युरोपने ते उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केलेच ना? गारुड्याच्या टोपलीला आपण नाकं मुरडली. हा ड्रॉवर म्हणजे तीच टोपली, फक्त चौकोनी.

आता यात भावनेचा भाग बाजूला ठेवू. साप अंगात उष्णता तयार करत नाही, जागा बदलून ती कमी-जास्त करतो. म्हणून पेटीचं एक टोक ३० ते ३२ अंश आणि दुसरं २५च्या आसपास लागतं. खाल्लेलं पचवायला ऊब आणि नको तेव्हा गारवा. दोन-तीन फुटांच्या खोक्यात हा फरक राहतच नाही, सगळं एकसारखं तापतं. शिवाय लपायचा खोपा दोन्ही टोकांना हवा. नाहीतर ऊब घेऊ की लपू, यातलं एकच त्याच्या वाट्याला येतं. लांबी लागते ती यासाठीसुद्धा.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. पेटी सापाच्या पूर्ण लांबीची हवी. पिल्लू नर की मादी याची खात्री नसते, म्हणून आठ फूट धरून चाला. खोली निदान दोन फूट, उंची चढण्यापुरती. हीटर थर्मोस्टॅटवर, आणि दिव्याला जाळी, नाहीतर बोआ गरम दिव्यालाच विळखा घालतो आणि भाजतो. तापणारे 'हॉट रॉक' नकोतच. अख्खा साप बुडेल एवढं पाण्याचं भांडं. दाराला कुलूप. आणि हे सगळं साप आणण्याआधी आठवडाभर रिकामं चालवून दोन्ही टोकांचं तापमान बघायचं. 'पुढे मोठी घेऊ' या वाक्यातलं 'पुढे' सहसा येत नाही, घरभाडं आणि विजेचं बिल मात्र येतं.

इथला २००६चा प्राणी कल्याण कायदाही पाळणाऱ्यावर हेच बंधन घालतो : योग्य निवारा, आणि नैसर्गिक वागणुकीला वाव. सापाला त्यातून सूट नाही. पण कुत्रा विव्हळतो, शेजारी तक्रार करतो. साप विव्हळत नाही, आणि त्याच्या मुकेपणावर हा सगळा धंदा उभा आहे.

आपल्याकडे गावात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात. त्या जनावराची लांबी ज्यांना नावातही विसरता आली नाही, त्यांच्या पोरांनी त्याला आखूड खोक्यात घालावं?

तर भाचेबुवा, तुमच्या भाड्याच्या खोलीतली सर्वांत लांब मोकळी भिंत मोजा. आठ फूट भरली आणि घरमालक हो म्हणाला, तर करवत घेऊन मी येतो, पेटी दोघं मिळून बनवू. नाही भरली तर आमच्याकडे येऊन हवा तेवढा वेळ बोआ बघत बसा. मामी जेवायला घालेलच.

असो. शिव्या द्यायच्या असतील तर मोकळ्या मनाने द्या, पण आधी तुमच्या सापाची आणि पेटीची लांबी सांगा.