घड्याळ आणि धूर

मोटारींच्या शर्यतींविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत जो एक ठरीव तुच्छताभाव आहे, तो आमच्याही ठिकाणीं होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. पेट्रोल जाळून जेथून निघालें तेथेंच परत यावयाचें, यांत पुरुषार्थ तो कसला, असें आम्हींही चारचौघांत म्हटलें आहे. परंतु २०१९ च्या ऑक्टोबरांत सिडनीस भाच्याकडे मुक्काम असतां त्यानें आम्हांस ईस्टर्न क्रीक येथील मोटारींच्या धांवपट्टीवर बळेंच ओढून नेलें. तेथें ‘वर्ल्ड टाइम अटॅक चॅलेंज’ नांवाचा दोन दिवसांचा मेळा भरला होता. परतलों तेव्हां आमचें मत पालटलेलें होतें. पण मेळा भरविणारांशींही आमचें जमलें नाहीं. आज दोघांशींही भांडावयाचें आहे.

हा खेळ समजावयास सोपा आहे. धांवपट्टीची लांबी ३.९३ किलोमीटर. पहिल्या फेरींत टायर तापवावयाचे, दुसरी फेरी जीव तोडून मारावयाची, तिसरींत गाडी निववावयाची. मोजावयाची ती मधली फेरी. टायर थंड असले तर रस्ता धरीत नाहींत, फार तापले तर सोडतात. त्यामुळें संधि मिळते ती एखाद्या फेरीपुरती. पट्टीवर इतरही गाड्या असतात, पण त्यांस मागें टाकण्यांत कोणासच रस नसतो. कोणी वाटेंत आलाच तर फेरी फुकट गेली म्हणून कपाळाला हात!

आमचे एक विद्वान् स्नेही म्हणतात कीं, शर्यत म्हटली म्हणजे दोघे तरी हवेत. एकट्यानें धांवणें ही शर्यतच नव्हे. या स्नेह्यांनीं जुन्नर, खेड वा मावळ या बाजूंचा बैलगाड्यांचा घाट पाहिलेला दिसत नाहीं. तेथेंही गाडा एकटाच सुटतो, आणि घाट किती सेकंदांत चढला यावरच त्याचा नंबर लागतो. ती शर्यत नव्हे असें त्या घाटांत उभें राहून म्हणण्याची छाती आमच्या स्नेह्यांस आहे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या मनाईमुळें २०१४ पासून २०२१ पर्यंत ज्या खेळासाठीं गांवेंच्या गांवें हळहळलीं, त्याला शर्यतीची व्याख्या कोणी पुस्तकांतून शिकवावयास नको. राहिला पेट्रोलाचा आक्षेप. ज्या विमानांत बसून आम्ही तेथें गेलों, त्यानें जाळलेलें इंधन त्या सर्व गाड्यांच्या दोन दिवसांच्या फेऱ्यांहून खास अधिक होतें. आणि विमानाविरुद्ध लेख लिहिण्याचें आमच्या स्नेह्यांच्या मनांत अद्याप आलेलें नाहीं.

आतां मेळेवाल्यांकडे वळूं. घड्याळ कोणाची भीड धरीत नाहीं, हाच या खेळाचा प्राण. परंतु त्याच मेळ्यांत, त्याच प्रेक्षकांपुढें, ‘ड्रिफ्टिंग’ म्हणून दुसरा एक खेळ मांडलेला असतो. त्यांत गाडी मुद्दाम घसरवावयाची, टायरांचा धूर आकाशांत चढवावयाचा, आणि मग घसरण्याची ढब कशी साधली हें परीक्षकांनीं ठरवावयाचें. कसब त्यांतही आहे, नाहीं असें नाहीं. पण एका मांडवांत घड्याळ आणि परीक्षक या दोन देवांची पूजा कशी चालावी? परीक्षकांच्या हातीं गेलेल्या कलेचें काय होतें, हें या मासिकाच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. वाङ्मयीन पारितोषिकें आपणही पाहिलीं आहेत. वाङ्मयास घड्याळ लावतां येत नाहीं, म्हणून तेथें परीक्षकांवांचून गत्यंतर नाहीं. जेथें घड्याळ आहे तेथें त्यांस बोलावून आणण्याचें कारण काय? कारण एकच : धूर दुरून दिसतो, सेकंदाचा शतांश दिसत नाहीं.

तथापि घड्याळही सर्वस्वीं निर्मळ नाहीं, आणि आमचा खरा आक्षेप येथें आहे. २०१० सालीं पहिल्याच मेळ्यांत ‘टार्झन’ या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या यामादा यांनीं मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन गाडी हांकून बाजी मारली. वेळ सुमारें दीड मिनिट. २०१२ सालीं ती १ मिनिट २५ सेकंदांवर आली. आम्ही गेलों त्या वर्षीं बार्टन मॉवर यांनीं पोर्शे ९६८ च्या सांगाड्यावर उभारलेल्या गाडींतून १ मिनिट १९.८ सेकंदांत फेरी पुरी केली, म्हणजे सरासरी वेग ताशीं सुमारें १७७ किलोमीटर! ही प्रगति बहुतांशीं वाऱ्याच्या विद्येची. पुढें-मागें फळ्यांएवढे पंख लावून गाडी वाऱ्याकडून खालीं दाबून घेतात. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो, आणि वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहते. अद्भुत खरें. पण हें पंखशास्त्र फार महाग आहे. वरच्या ‘प्रो’ वर्गांत नियमांची मोकळीक एवढी कीं, घड्याळ चालकाचा हात मोजतें कीं थैली मोजतें, हा प्रश्न पडतोच.

थैलीवांचून कांहींच होत नाहीं, असेंही नव्हे. जपानांत त्सुकुबा येथें दोन किलोमीटरांहून थोडी लांब अशी एक पट्टी आहे. या खेळाची परंपरा तेथेंच वाढली. तेथें एका मोठ्या कारखान्याच्या खास गाडीनें २००७ सालीं ५३.५८९ सेकंदांचा विक्रम केला. तो पुढें सुझुकी नांवाच्या एका खाजगी मालकाच्या निस्सान सिल्व्हियानें मागें टाकला.

ईस्टर्न क्रीकला अशा माणसांची जागा खालच्या ‘क्लबस्प्रिंट’ वर्गांत आहे. तेथें बदलांवर मर्यादा कडक, म्हणून हाताची परीक्षा खरी. तेथला एक तरुण फेरी मारून आला तेव्हां त्याचा बाप गुडघे टेकून टायरांची हवा मोजीत होता. मुलानें स्वतःची मागली वेळ तीन दशांशांनीं मोडली होती. दोघांनीं कागदावरचा आंकडा पाहिला आणि एकमेकांशीं एक शब्दही न बोलतां चाकाचे नट आवळावयास लागले. त्या वेळीं प्रेक्षकांचे सज्जे निम्म्याहून अधिक रिकामे होते. मंडळी खावयास गेली होती. आणि ध्वनिक्षेपकावरून सांगणें चाललें होतें कीं, धुराचा खेळ अर्ध्या तासांत सुरू होईल, जागा धरून बसा.