ई-केवायसी करताना ‘सर्व्हर डाऊन’: वेळ नेमका कुठे जातो? चार आकड्यांत मोजा

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतल्या महिलांना ई-केवायसी करावी लागेल, असं राज्य सरकारने १८ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर केलं. मुदत दोन महिन्यांची होती आणि लाभार्थी दोन कोटींहून जास्त. आपला आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा, मग पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि पुन्हा ओटीपी. कागदावर हे पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात राज्यभरातून ‘ओटीपीच येत नाही’, ‘पान उघडत नाही’ अशा तक्रारी सुरू झाल्या. ओटीपीची तांत्रिक अडचण असल्याचं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीही मान्य केलं. पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली.

सोलापूर जिल्ह्यात तर त्याच सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला होता. माढा, मोहोळ भागातल्या गावांत घरातलं सामान वाळवायचं की ओटीपीची वाट बघायची, अशी वेळ होती. शहरात विड्या वळणाऱ्या हजारो महिला आहेत आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या मापाने मिळते. सेंटरवर रांगेत घालवलेल्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही. महिन्याच्या १५०० रुपयांसाठी दोन-तीन खेपा झाल्या, तर त्यातला बराचसा भाग तिथेच गेला.

अशा वेळी उत्तर ठरलेलं असतं. सेंटरवाला म्हणतो, “सर्व्हर डाऊन आहे.” हेल्पलाइनवर सांगतात, “तुमचं नेटवर्क तपासा.” घरातली मंडळी म्हणतात, “तुझा फोनच जुना झालाय.” तिघांपैकी बरोबर कोण? हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनवर ते मोजता येतं.

पान उघडण्याआधी चार कामं होतात

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल, तर फोन आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असते. आधार क्रमांक टाकायच्या पानावर हे हवंच. पण कुलूप लावायलाही वेळ लागतो. क्रम असा:

१. डीएनएस: साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता शोधणं.
२. टीसीपी जोडणी: ‘ऐकू येतंय का?’ ‘येतंय.’ एक फेरी.
३. टीएलएस हँडशेक: सर्टिफिकेट तपासणं आणि कुलपाची चावी ठरवणं. २००८ च्या टीएलएस १.२ मध्ये यासाठी दोन फेऱ्या लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये एकच.
४. विनंती आणि उत्तर: पान मागितल्यापासून उत्तराचा पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ.

आता फेरीचा हिशोब करू. सोलापूर ते मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. मोबाइल टॉवरवरून जाताना त्यात बरीच भर पडते. समजा एक फेरी ५० मिलिसेकंदांची आहे. टीएलएस १.२ वर जोडणी, कुलूप आणि उत्तर मिळून चार फेऱ्या, म्हणजे २०० मिलिसेकंद. १.३ वर १५०. डोळ्याला फरक कळणार नाही. पण सिग्नलची एकच कांडी असलेल्या गावात फेरी ४०० मिलिसेकंदांवर गेली, तर हेच आकडे १६०० आणि १२०० होतात.

म्हणूनच स्पीड टेस्टमध्ये ४० एमबीपीएस दिसूनही पान अडकू शकतं. स्पीड टेस्टचा तो मोठा आकडा रस्ता किती रुंद आहे ते सांगतो. हँडशेकमध्ये जाणारा डेटा काही केबींचाच असतो. त्याला रुंदी नको, फेरी लवकर पूर्ण व्हायला हवी.

मोजायचं कसं?

यासाठी ‘कर्ल’ नावाचं जुनं, मोफत आणि भरवशाचं साधन आहे. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये ते या नावाने आणलं. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आणि मॅकमध्ये ते आधीच असतं. अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडमधून ‘टर्मक्स’ ॲप घ्या आणि त्यात कर्लचं पॅकेज टाका.

कमांडमध्ये आधी कर्ल, मग साइटचा पत्ता आणि शेवटी ‘राइट-आउट’ हा पर्याय. या पर्यायात कोणकोणत्या वेळा छापायच्या ते द्यायचं: टाइम-नेमलुकअप, टाइम-कनेक्ट, टाइम-ॲपकनेक्ट आणि टाइम-स्टार्टट्रान्सफर. ही नावं इंग्रजी लिपीत टाइप करायची, आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर द्यायचा, प्रत्येक नाव महिरपी कंसात ठेवायचं आणि कंसाआधी टक्क्याचं चिन्ह लावायचं. सोबत रिस्पॉन्स-कोडही मागा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे चारही आकडे सुरुवातीपासूनचे असतात. एसटीच्या वेळापत्रकासारखं समजा: प्रत्येक थांब्यावर पोहोचल्याची वेळ दिलेली असते. दोन थांब्यांमधला वेळ हवा असेल तर वजाबाकी करायची. टाइम-ॲपकनेक्टमधून टाइम-कनेक्ट वजा केलं की टीएलएस हँडशेकचा वेळ मिळतो.

आकडे काय सांगतात?

समजण्यासाठी तीन काल्पनिक उदाहरणं घेऊ.

पहिलं: ०.०४, ०.०९, ०.१४ आणि शेवटी ६.४० सेकंद. हँडशेक ५० मिलिसेकंदांत झाला, पण उत्तराला सहा सेकंद लागले. तुमचं नेट ठणठणीत आहे. वेळ सर्व्हरच्या मागच्या यंत्रणेत जातोय.

दुसरं: ०.३०, १.५०, ४.२०, ४.९०. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा वेळ जातोय. अशा वेळी आधी आपल्या बाजूचं नेटवर्क तपासा. गच्चीवर जा, दुसरं सिम लावा, वायफायवर करून बघा.

तिसरं: ०.०४, ०.०९, ३.१०, ३.३०. जोडणी झटक्यात झाली, पण कुलूप लावायला तीन सेकंद. बँकेत टोकन लगेच मिळावं आणि खिडकीवर कुणीच नसावं, तशातला प्रकार. जोडणी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम स्वीकारते, हँडशेक मात्र वरच्या प्रोग्रॅमला करावा लागतो. तो गर्दीत अडकला की असं होतं. हाच प्रकार वारंवार दिसला, तर संशय सर्व्हरच्या दरवाजावरच्या गर्दीवर घ्या.

रिस्पॉन्स-कोड ५०३ आला तर सेवा सध्या उपलब्ध नाही. ५०४ आला तर दरवाजा उघडा आहे, पण आतून वेळेत उत्तर आलं नाही. तीन शून्यं आली तर कुठलंच उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही.

एकदा मोजून निष्कर्ष काढू नका. पाच वेळा मोजा आणि मधला आकडा धरा. सकाळी, रात्री नऊला आणि पहाटे मोजा. शेजारी दुसरी एखादी साइटही मोजा. ती झटपट आली आणि ही अडकली, तर दोष तुमच्या फोनचा नाही.

इथे एक सावधगिरी

इंटरनेटवर शोधलंत तर ‘ओपनएसएसएल’मधलं ‘एस-टाइम’ हे साधनही सापडेल. ते ठरलेल्या वेळेत, नाही सांगितलं तर ३० सेकंदांत, जमतील तितक्या टीएलएस जोडण्या करून बघतं. नव्या हँडशेकने किती होतात आणि जुनं सेशन पुन्हा वापरून किती होतात, हे त्यातून कळतं. इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतःच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालवून हा प्रयोग जरूर करावा. पण सरकारी पोर्टलवर हे अजिबात चालवू नका. आधीच दमलेल्या सर्व्हरवर आणखी बोजा टाकणं म्हणजे रांगेतल्या दुसऱ्या एखाद्या बाईचा नंबर मागे ढकलणं. कर्लची एक विनंती म्हणजे जवळपास एकदा पान उघडण्याइतकीच.

या मोजणीची मर्यादा, आणि तरीही तिचा उपयोग

कर्लने तुम्ही मुखपृष्ठ मोजता. ओटीपीचा प्रवास वेगळा आहे: पोर्टलकडून आधारच्या यंत्रणेकडे आणि तिथून एसएमएसने तुमच्या फोनवर. म्हणून मुखपृष्ठाचे चारही आकडे चांगले आले आणि तरी ओटीपी आला नाही, तर बिघाड त्या पुढच्या प्रवासात आहे. नेमका कुठे, हे बाहेरून दिसत नाही. पण तुमचं इंटरनेट, पोर्टलपर्यंतचा रस्ता आणि कुलूप या तिन्ही गोष्टी ठीक आहेत, एवढं तरी कळतं. मग आईला “तुझा फोन जुना झालाय” म्हणायचं कारण उरत नाही.

तक्रार करतानाही हेच आकडे कामी येतात. ‘साइट चालत नाही’ या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. तारीख, वेळ, सिम कोणतं, चार आकडे आणि रिस्पॉन्स-कोड दिलात, तर समोरच्या तंत्रज्ञाला कुठे बघायचं ते समजतं.

खरं तर हे काम नागरिकांवर यायला नको. सरकारकडे हेच आकडे दर मिनिटाचे असू शकतात. मुदतीची तारीख जशी जाहीर होते, तसा रोज किती वेळ पोर्टल नीट चाललं याचा तक्ताही जाहीर व्हावा. मुदत वाढवायची की नाही, हे मग तक्रारींच्या आवाजावर ठरणार नाही. पोर्टल बंद होतं ते तास बाईच्या मुदतीतून वजा होऊ नयेत, हा साधा हिशोब आहे. आणि तो मोजल्याशिवाय होत नाही.