श्वसनयंत्रे आली, ती सोडवणारे हात कुठे आहेत?

कोल्हापूरकर ज्याला आजही ‘थोरला दवाखाना’ म्हणतात, त्या सी. पी. आर. रुग्णालयात जिल्ह्याबरोबरच कोकणातून आणि सीमाभागातूनही गरीब रुग्ण येतात. अतिदक्षता विभागाबाहेर, मग तो सरकारी असो वा खाजगी, नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो : मशीन कधी निघणार? मण्यार चावलेला तरणा शेतमजूर विषाचा अंमल उतरला की बहुधा काही दिवसांत स्वतः श्वास घेऊ लागतो. शिरोलीच्या फौंड्रीत वर्षानुवर्षे वाळूची धूळ छातीत घेतलेला कामगार किंवा चुलीच्या धुरात जन्म गेलेली म्हातारी मात्र यंत्रावरच अडकून पडते. ‘मशीनची सवय लागली’ असे लोक म्हणतात. हे अगदीच खोटे नाही.

श्वासोच्छ्वासाचे मुख्य काम छाती आणि पोट यांमधील श्वासपटल हा स्नायू करतो. यंत्र त्याचे काम करू लागले की तो झिजतो, आणि आश्चर्यकारक वेगाने झिजतो. १८ ते ६९ तास यंत्रावर असलेल्या १४ मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहूनही बारीक झाल्याचे अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. झिजलेल्या स्नायूवर आकसलेल्या श्वासनलिकांचा भार पडतो. दुबळ्या हृदयाला यंत्राचा दाब निघताच वाढलेले रक्त पेलत नाही. रक्तातील फॉस्फेट-पोटॅशियमची उणीव, कुपोषण आणि गुंगीच्या औषधांनी आलेला भ्रम यांची त्यात भर पडते.

अशा रुग्णाला सोडवायचे कसे? त्याची गुंगी रोज थांबवून पाहावी लागते. रोज थोडा वेळ त्याला स्वतःच्या श्वासावर ठेवून शेजारी उभे राहावे लागते. शिकागोच्या २००० सालच्या चाचणीत केवळ गुंगी रोज थांबवल्याने यंत्रावरील मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. त्यापूर्वी १९९६ च्या एका चाचणीत श्वसनतंत्रज्ञ आणि परिचारिका यांनी रोजची तपासणी केली, तेव्हा तो ६ वरून ४.५ दिवसांवर आला होता. कुठलेही नवे यंत्र त्यासाठी लागले नाही. हे शास्त्रच मुळी हातांतून जन्मले आहे : १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने फुगा दाबून रुग्णांचे श्वास चालू ठेवले होते.

आपल्या शासनाला मात्र भांडवल दिसते, श्रम दिसत नाहीत. मे २०२० मध्ये पी. एम. केअर्स निधीतून ३१०० कोटी रुपयांचे वाटप जाहीर झाले. त्यांतील २००० कोटी ५०,००० श्वसनयंत्रांसाठी, १००० कोटी स्थलांतरित मजुरांसाठी आणि १०० कोटी लससंशोधनासाठी होते. यंत्रांजवळ उभ्या राहणाऱ्या परिचारिकांसाठी त्यांत छदामही नव्हता. औरंगाबादला आलेल्या यंत्रांतील बिघाडाचा प्रश्न २०२१ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, ते योग्यच झाले. पण जे यंत्र बिनतक्रार चालते आणि ज्याच्याजवळ एकच परिचारिका चार-पाच रुग्ण सांभाळते, त्याचा खटला कोणी भरत नाही. इतक्या रुग्णांत प्रत्येकाची गुंगी उतरवून त्याची तगमग पाहत बसणे तिला अशक्य असते. मग औषध चालूच राहते आणि श्वासपटल झिजत राहते. हा दोष तिचा नव्हे.

खाजगी रुग्णालयात वाढलेला प्रत्येक दिवस हे कुटुंबावरचे कर्ज आणि संस्थेचे उत्पन्न असते. डॉक्टरांच्या हेतूवर शंका न घेताही हे हितसंबंध परस्परविरुद्ध आहेत, हे सांगावेच लागेल.

सर्व उपाय करूनही काही रुग्ण यंत्रावरून उतरत नाहीत, हे खरे. परंतु उतरू शकणारा रुग्ण केवळ माणसांअभावी अडकणे ही वैद्यकीय अडचण नव्हे. तो अंदाजपत्रकाचा निर्णय आहे. साथीच्या काळात हंगामी कंत्राटावर घेतलेल्या अनेक परिचारिकांना लाट ओसरताच घरी पाठवण्यात आले. यंत्रे राहिली. यापुढे जिल्हा नियोजन समितीपुढे श्वसनयंत्रांच्या खरेदीचा प्रस्ताव येईल तेव्हा प्रत्येक यंत्रामागे तिन्ही पाळ्यांच्या परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची कायम पदे किती, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आपल्या प्रतिनिधींमार्फत विचारावा आणि उत्तर लेखी मागावे.