दुसरी संधी कुणाच्या बापाची?

'गुणवत्ता' हा शब्द कानावर आदळला की माझं डोकं सणकतं. डॉक्टरकीच्या दारात हा शब्द सगळ्यात मोठ्यानं ओरडला जातो. कमी मार्कांचा डॉक्टर पेशंट मारील, कमी मार्कांचा डेंटिस्ट भलताच दात उपटील. हे रडगाणं फक्त इथलंच आहे, असं समजू नका. अमेरिकेतल्या काळ्या पोरांनीही ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. म्हणून या वेळी मी तिकडच्या एका वाटेबद्दल लिहितोय. तिचं नाव पोस्ट-बॅकलॉरिएट. तिथली पोरं नुसतं पोस्टबॅक म्हणतात. ही वाट नीट बघितली की गुणवत्तेच्या ठेकेदारांचं धोतर सुटतं.

आधी समजून घ्या. तिकडे बारावीनंतर लगेच डॉक्टरकीला जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल किंवा डेंटल कॉलेज. पदवी इतिहासाची असो की संगीताची, चालते. पण बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे प्रयोगशाळेसकट झालेलं लागतं. वर मेडिकलसाठी एमकॅट, डेंटलसाठी डॅट नावाची परीक्षा. ज्यानं हे विषय घेतलेच नाहीत किंवा घेतले पण मार खाल्ला, तो पदवीनंतर एक-दोन वर्षं पुन्हा वर्गात बसतो. झालं पोस्टबॅक.

म्हणजे बघा, या वर्गात दोन जातींची माणसं बसतात. एक, चांगली नोकरी करता करता ज्याला तिशीत वाटलं की आपण डॉक्टर व्हावं. दुसरा, ज्याला पहिल्यापासून डॉक्टरच व्हायचं होतं, पण रात्रपाळी करून सकाळच्या केमिस्ट्रीला बसताना ज्याचे डोळे मिटले. पहिल्याच्या प्रगतिपुस्तकावर विज्ञानाची पाटी कोरी आहे. दुसऱ्याची खरडलेली आहे. कोऱ्या पाटीला दुनिया माफ करते. खरडलेल्या पाटीला नाही.

हिशोब मांडून दाखवतो. तिथे ४ पैकी ग्रेड मोजतात. समजा, एका पोराची १२० क्रेडिटची पदवी झाली आणि सरासरी आली २.८. मग त्यानं पोस्टबॅकमध्ये ३० क्रेडिटं घेतली आणि सगळीकडे ४ पैकी ४ मिळवले. रक्त आटवलं. नवी सरासरी किती? ३.०४. बस्स. आणि मेडिकलला जे आत जातात त्यांची सरासरी असते पावणेचारच्या आसपास. नापास झालेला विषय पुन्हा देऊन पास झालात, तरी मेडिकलच्या अर्जात जुना ग्रेडही मोजला जातो. अठराव्या वर्षी घसरलेला पाय तिसाव्या वर्षीही हिशोबात लंगडतो. तरी पोरं जातात, कारण निवड करणारे नुसती सरासरी बघत नाहीत, चढ बघतात. शेवटची ३० क्रेडिटं बोलतात की हा माणूस पेलू शकतो. पोस्टबॅकचं खरं भांडवल तेच.

आता इतिहास. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या विद्वानानं अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची तपासणी करून अहवाल लिहिला. त्या वेळी काळ्यांची सात मेडिकल कॉलेजं चालू होती. साहेबांनी दोनच ठेवण्यालायक ठरवली, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहारी. बाकीची पाच १९२३ पर्यंत बंद पडली. पांढऱ्यांच्या बहुतेक कॉलेजांची दारं तर बंदच होती. म्हणजे आधी शाळा जाळायची आणि मग विचारायचं, तुमच्यात डॉक्टर का नाहीत? २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांत काळे होते शंभरात पाच. लोकसंख्येत ते शंभरात तेरा. हा आकडा कुणाच्या मेंदूतून आला नाही. तो कायद्यातून, पैशातून आणि कुलपांतून आला.

नागरी हक्कांच्या लढ्यानं हे दार हलवलं. १९६९ साली डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजानं काळ्या पोरांसाठी पोस्टबॅक सुरू केलं. १९७२ साली सदर्न इलिनॉयनं मेडिकल आणि डेंटल दोन्हींसाठी मेडप्रेप नावाची तयारी शाळा काढली. हे उपकार नव्हते. रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी वसूल केलेलं ते देणं होतं. त्याच काळात ओकलंडहून निघालेले ब्लॅक पँथर वस्त्यांत फुकट दवाखाने चालवत होते, सिकल सेलची तपासणी करत होते. १९७२ सालीच मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं. तेव्हा ही गोष्ट लांबची नाही, भाऊबंदांची आहे.

मग आलं कोर्ट. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य पोरांसाठी राखीव होत्या. बाकी ८४ वर कुणी बोट ठेवलं नाही. ॲलन बकी नावाचा गोरा माणूस १६ वर बोट ठेवून कोर्टात गेला. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं राखीव जागा रद्द केल्या, वंशाचा विचार तेवढा शिल्लक ठेवला. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सरकारी कॉलेजांपुरता तोही काढला. २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं देशभर काढून टाकला. आता तिथं 'काळा' म्हणून दार उघडत नाही. 'वंचित', 'गरीब', 'घरातला पहिला पदवीधर' असं म्हणून किलकिलं होतं.

आणि तरीसुद्धा ठेकेदारांच्या तोंडात मारणारा पुरावा याच कॅलिफोर्नियातला. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांनी अल्पसंख्य आणि वंचित पोरांसाठी पोस्टबॅक चालवलं. २००६ साली त्याचा अभ्यास छापून आला. पोस्टबॅक केलेल्यांपैकी शंभरात ६७ हून जास्त मेडिकलला पोहोचले. ज्यांनी अर्ज केला पण पोस्टबॅक केलं नाही, त्यांच्यातले पोहोचले शंभरात २२ च्या आसपास. दोन्हीकडची पोरं त्याच दारात अर्ज घेऊन आलेली. एका बाजूला मिळालं वर्षभराचं शिक्षण, एमकॅटची तयारी, अर्ज कसा लिहायचा हे सांगणारं माणूस. बोला, गुणवत्ता कुठं होती? रक्तात, की वेळापत्रकात?

पण मी या व्यवस्थेच्या आरत्या ओवाळणार नाही. जी गोष्ट लढ्यातून निघाली, तिचं दुकान झालंय. नावाजलेल्या खासगी कॉलेजांत पोस्टबॅकची वर्षाची फी तीस-चाळीस हजार डॉलरच्या वर जाते. पदवी न देणाऱ्या अशा तयारीच्या शिक्षणाला सरकारी कर्ज मिळतं तेही जेमतेम बारा महिन्यांचं. वर २०२५ च्या कायद्यानं मेडिकल-डेंटलच्या नव्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जावरच वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा घातली. बापाकडे पैसा असेल तर दुसरी संधी, तिसरी संधी. नसेल तर, पोरा, तुझ्यात दम नव्हता!

आपली काही माणसं आता न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहतात. त्यांच्या पोरापोरींना सरळ सांगतो. झगमगीत माहितीपत्रक बघून पैसे ओतू नका. विचारा, गेल्या वर्षी किती आले, किती आत गेले, किती मधेच गळले. नुसते 'शंभरात नव्वद' ऐकू नका, कारण कच्च्या पोराला अर्जाची शिफारसच नाकारून टक्केवारी फुगवता येते. कोऱ्या पाटीवाल्यांचा कोर्स आणि खरडलेल्या पाटीवाल्यांचा कोर्स वेगळा असतो, आपला कुठला ते बघा. जवळच्या सरकारी युनिव्हर्सिटीत तेच विषय स्वस्तात घेता येतात का, ते आधी तपासा. एमकॅट आयुष्यात सात वेळाच देता येते आणि प्रत्येक निकाल कॉलेजांना दिसतो. तयारी नसताना बसू नका. आणि इथून पदवी घेऊन जाणाऱ्यांनो, बहुतेक कॉलेजं तिथल्या वर्गातलं शिक्षण मागतात आणि परदेशी नागरिकाला फार थोडी कॉलेजं घेतात. एजंट काय वाटेल ते सांगेल. कागद बघा.

आता आपल्याकडे या. इथं डॉक्टरकी बारावीनंतर, नीट देऊन. आपलं पोस्टबॅक म्हणजे 'ड्रॉप'. लातूर नाही तर कोटा, खोली, मेस, क्लासची फी. नीट कितीही वेळा द्या, कायदा अडवत नाही. अडवतो खिसा. राखीव जागा आहे, पण त्या जागेपर्यंत पोहोचायला लागणारं एक वर्ष राखीव नाही. पैसेवाल्याचं पोर तीन ड्रॉप घेऊन बसलं तर तो 'जिद्दी'. आपलं पोर एकदा हुकलं तर डिलिव्हरीची बॅग पाठीवर.

म्हणून मागणी एकच आणि साधी. सरकारी मेडिकल आणि डेंटल कॉलेजांनी स्वतःच्या आवारात, स्वतःच्या मास्तरांकडून, एक वर्षाची फुकट तयारी शाळा चालवावी. राहण्या-खाण्याच्या पैशांसकट. वर्षभर अभ्यास करायचा तर घरची चूल कुणीतरी पेटती ठेवली पाहिजे. डेट्रॉइटला १९६९ साली जे सुचलं, ते आमच्या मंत्र्यांना अजून सुचत नसेल तर सुचवायला आपण आहोत.

गुणवत्ता एका वर्षात तयार होते, हे सिद्ध झालंय. आता ते वर्ष कुणाला द्यायचं, एवढाच सवाल आहे. तो मागून नाही मिळाला तर मोर्चा काढून विचारू.