स्लॅब, माळवद आणि सेहन

मे महिन्यात बीडच्या नव्या वस्त्यांत रात्री अकरा वाजताही भिंत हाताला गरम लागते. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता रात्री घरात सोडतो. मग कूलर येतो आणि मागोमाग वीजबिल.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत असे होत नसे. जाड भिंती, लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पावसात ती गळायची, तो भाग वेगळा. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीचे तेच ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. म्हणून माळवद परत आणा, असे आम्ही म्हणणार नाही. स्लॅब राहू द्या. उन्हाळ्याआधी त्यावर चुन्याचे दोन हात द्या.

सेहन मात्र परत आणता येते. प्लॉट लहान म्हणून आपण इंच न् इंच बांधतो, परद्यासाठी खिडक्या बंद ठेवतो आणि घरातल्या बायका भरदिवसा ट्यूबलाइटखाली राबतात. मध्ये दहा बाय दहाची जागा उघडी सोडली तरी उजेड येतो. रस्त्याकडे विटांची जाळी लावा: वारा आत येतो, नजर येत नाही. पश्चिमेला मोठी खिडकी नको, लिंब लावा. सेहनातले पावसाचे पाणी उताराने शोषखड्ड्यात न्या. उताराचा असा उपयोग बीडला नवा नाही. खजाना बावडीचे पाणी सोळाव्या शतकात मोटारीशिवायच, जमिनीखालच्या नहरींतून शेतांपर्यंत नेले होते.

आणि नकाशा काढायला देण्याआधी घरातल्या बायकांना विचारा, दुपारी त्यांना कुठे बसावेसे वाटते.