बाळाच्या अंगाखाली काय घालावे?



आमची पुतणी इंदोऱ्यात राहते. जावई एका गॅरेजमध्ये कामाला आहेत. दहा बाय बाराची एक खोली आणि मागे स्वयंपाकघर, एवढ्यात त्यांचा संसार. मासिकातल्या चित्रात असते तशी बाळाची वेगळी खोली आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी असते. दिवाण आणि कपाट यांच्या मधे जो कोपरा उरतो, तीच बाळाची खोली. त्या कोपऱ्यासाठी या दोघांनी जुलै महिन्यात अस्वलाचे चित्र असलेला जाड गुलाबी गालिचा घेतला. किंमत 3,200 रुपये, दहा हप्त्यांत. पहिले लेकरू, हौस कोणाला नसते? आम्ही त्यांना दोष देत नाही.

डिसेंबरात आम्ही भेटायला गेलो, तेव्हा दारातच कुबट वास आला. पुतणी ओशाळून म्हणाली, "काकाजी, दोनदा धुतला जी. पावसाळ्यात पाच-पाच दिवस वाळलाच नाही. आता वास जाऊनच नाही राहिला." दुकानदाराला विचारले तर त्याने ड्रायक्लीनला द्या म्हणून सांगितले. त्या धुण्याचे जे पैसे होत होते, त्यात एक नवी सतरंजी आली असती. शेवटी गालिचा गुंडाळून दिवाणाखाली गेला आणि आठ महिन्यांची पोर उघड्या फरशीवर एका दुपट्यावर बसली होती. बाहेर नागपूरची डिसेंबरची थंडी.

ते पाहून आमच्या काळजात धस्स झाले. त्याला कारण आहे.

2009 च्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा नऊ महिन्यांचा होता. एका सकाळी त्याच्या हातापायांची बोटे सुजली. हात लावू देईना, रडून रडून बेजार झाला. घरातल्या सर्वांनी ठरवून टाकले की फरशीवर खेळून गारठा लागला. पंधरा दिवस तेल चोळणे आणि शेक देणे चालले. त्या शहाण्यांत आम्हीही होतो, बी.कॉम. होऊन! पुढे रक्त तपासले तेव्हा कळले, मुलाला सिकलसेल आहे. आई आणि वडील दोघेही वाहक होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. दोघे वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक बाळ आजारी निघण्याचा संभव असतो.

सिकल हा आपल्या विदर्भाला नवा नाही. 1958 सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले होते. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो आहे, हे आता लपवण्यासारखे राहिलेले नाही. जन्मतः बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, ते काही महिने त्याला सांभाळते. सहा महिन्यांच्या आसपास ते कमी होते आणि आजार डोके वर काढतो. नेमक्या त्याच वयात लेकरू मांडीवरून फरशीवर उतरते. म्हणून घरचे लोक फरशीला दोष देऊन मोकळे होतात. थंडीने सिकल होत नाही, तो आईबापांकडून येतो. पण ज्याला तो आहे त्याच्या रक्तवाहिन्या थंडीने आकसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात आणि कळा उठतात. तेव्हा बाळाच्या अंगाखाली काय आहे, हा नुसता शोभेचा प्रश्न नाही.

शनिवारी आम्ही पुतणीला घेऊन गांधीबागेत गेलो. ज्या शहरात सतरंजीपुरा नावाची वस्ती आहे, तिथे सतरंजी घ्यायला लाज कसली? चार बाय सहाची सुती सतरंजी घेतली. दुकानदार सहाशे म्हणत होता, 480 ला दिली. घेताना रुमालाचे टोक ओले करून सतरंजीवर जोराने घासून पाहिले, कारण लेकरू ती चोखणारच; रंग उतरला असता तर परत केली असती. काठाचा एक धागा मागून घेऊन बाहेर येऊन जाळला. सूत कागदासारखे जळते आणि राख होते. नायलॉन, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मणी झाला तर ते सूत नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

घरी आल्यावर पहिले काम म्हणजे काठाचे गोंडे कापून कडा दुमडून शिवणे. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते आणि रडण्याचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. मग खळ जाईपर्यंत धुणे आणि उन्हात टाकणे.

मांडायची रीत अशी. खाली प्लास्टिकची चटई, म्हणजे फरशीचा गारठा आणि ओल वर येत नाही. त्यावर सतरंजी, सतरंजीवर गोधडी, गोधडीवर रबरी कापडाचा तुकडा आणि सर्वांत वर दुपटे. लघवी झाली की दुपटे काढायचे, बाकीचे कोरडे राहते. सतरंजीची एक कड दिवाणाच्या पायाखाली दाबायची, नाहीतर लेकरू उभे राहू लागले की ती सरकते. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की गोधडी काढून नुसती सतरंजी ठेवावी. कूलरच्या दमट हवेत जाड वस्तू ओल धरते.

गोधडी पुतणीच्या आईने जुन्या सुती लुगड्यांची शिवली. एक सांगतो, शिवून झाल्यावर तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. आम्ही फिरवले तर एका कोपऱ्यात तुटलेल्या सुईचे टोक निघाले! विहिणबाई आमच्याकडे पाहीनात.

हिशेब लिहिण्याची कारकुनी खोड आहे म्हणून देतो. सतरंजी 480, चटई 150, रबरी कापड 120, दोरा 30. एकूण 780 रुपये. लुगडी घरचीच.

फोमच्या, अक्षरे जोडायच्या रंगीत चटया आता सगळीकडे मिळतात. 2010 साली बेल्जियममध्ये अशा चटया फॉर्मामाइड या रसायनामुळे बाजारातून काढल्या होत्या. उग्र वासाची चटई घेऊ नये. कोणी भेट दिली असेल तर बरेच दिवस हवेवर ठेवावी आणि सुटे तुकडे लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. झोपवण्यासाठी मऊ फोम, मऊ उशी पहिल्या वर्षी नकोच. नाक दबले तर तान्ह्याला मान फिरवता येत नाही. खालचे अंथरूण घट्ट असावे आणि बाळाला पाठीवर निजवावे.

आणि पेटीतली जुनी गोधडी काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर ती तशीच बाळाखाली घालू नका. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि बाळ पिवळे पडते. पेटीत कडुनिंबाचा पाला चालतो. धुऊन, दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवूनच वापरा.

आता राहिली तपासणी. पुतणी आधी टाळत होती. "बाळाले काहीच नाही झालं, मंग कायले सुई टोचायची?" सासूबाईंचेही तेच. आम्ही बहिणीला बोलावून घेतले. ती काही बोलली नाही, मोबाईलमधला आपल्या मुलाचा जुना फोटो काढून तेवढा दाखवला. दुसऱ्या दिवशी जावई कामावर खाडा करून, दोघे बाळाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिघांचेही रक्त दिले. सिकलची तपासणी तिथे विनामूल्य होते.

कागद पुढच्या आठवड्यात मिळणार आहे. गालिच्याचे चार हप्ते बाकी आहेत.